थूहर, शेर आणि मोगली एरंड

ओतूर सोडून माळशेज घाटाकडे निघाले की पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी रस्त्याच्या सोबतीला येते आणि थोड्याच वेळात मढ लागते. पुढे खिरेश्वर, त्याच्या माथ्यावर हरिश्चंद्रगड. जुन्नर तालुक्याचे हे पश्चिम टोक. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, भाताची खाचरे आणि खाचरांच्या कडेने हिरव्या कुंपणांच्या रांगा. काही वर्षांपूर्वी पावसाळा सरताना आम्ही शाळेची सहल घेऊन या रस्त्याने गेलो होतो. मढजवळ चहासाठी गाडी थांबली. मुले बांधावर उतरली आणि सातवीतल्या एका मुलाने कुंपणाची पेन्सिलीसारखी गोल, बिनपानांची हिरवी फांदी मोडली. दुधासारखा पांढरा चीक भळाभळा वाहू लागला.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी तिथून चालली होती. ती जागीच ओरडली, "आरं पोरा, टाक ते! शेर हाय त्यो. डोळ्याला हात लावशील तर डोळा जाईल." तिने भारा खाली टाकला, मुलाचे मनगट घट्ट धरून त्याला हॉटेलच्या मोरीपाशी नेले आणि राख चोळून, मग साबण लावून त्याचे हात तीन-तीनदा धुतले. "ढोरंसुदीक याला तोंड लावत न्हाईत," ती मला म्हणाली. त्या सुरात "आणि तू मास्तरीण असून तुला ठाऊक नाही?" असा प्रश्न होता.

गाडीत बसताना एका मुलीने विचारले, "टीचर, थूहर इसीकु बोलते क्या?" दीनियातच्या तासाला तिने हा शब्द वाचला होता. मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना मी बगदाद, गोवा, ऑक्सफर्ड आणि आफ्रिका अशी बरीच दूरवर जाऊन आले, आणि शेवटी आमच्याच शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबले.

कुरआन शरीफमध्ये अस्-साफ्फात, अद्-दुखान आणि अल-वाकिआ या सूरहमध्ये जक्कूम या झाडाचे नाव येते. दोजखमध्ये पडलेल्यांचे ते अन्न. आपल्याकडच्या काही उर्दू भाषांतरकारांनी जक्कूमसाठी 'थूहर' हा शब्द वापरला. जक्कूम हे आखिरतचे झाड. ते नेमके कोणते, हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नव्हे. पण भाषांतरकाराला आपल्या वाचकासमोर कडू, जाळणारे, पोटात उकळणारे असे काहीतरी उभे करायचे होते. त्याने वाचकाच्या बांधावरचे झाड उचलले. थूहर म्हणजे संस्कृतातली स्नुही, आपला काटेरी निवडुंग. मढच्या बांधावरचा शेर हा त्याचा सख्खा भाऊ. दोघेही एरंड कुळातल्या युफोर्बिया या एकाच गणातले. मुलीचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

इथे दोन-तीन गैरसमज आधीच दूर करायला हवेत. लाल बोंडांचा फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. त्याला हा दुधी चीक नसतो. रुईलाही पांढरा चीक असतो आणि तोही डोळ्यांना घातक, पण त्यातले विष वेगळ्या जातीचे, हृदयावर परिणाम करणारे. आणि घरातल्या एरंडेलाचा एरंड या कुळाचा कुलपुरुष असला तरी त्याच्यात मी ज्या द्रव्यांविषयी लिहिते आहे ती नसतात. त्याच्या बीचे विष निराळे. चीक म्हटला की सगळा एकच, असे नाही.

युफोर्बिया हे नाव हिजरी सनाच्या सहा शतके आधीचे. आजच्या मोरोक्को-अल्जीरियाच्या भागात जुबा दुसरा नावाचा विद्वान राजा होता. अ‍ॅटलास पर्वतात सापडलेल्या एका चिकाच्या झाडाला त्याने आपल्या वैद्याचे, युफोर्बसचे नाव दिले. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तेच नाव संपूर्ण गणाला कायम केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने हा चीक कसा काढतात ते लिहून ठेवले आहे. लोक त्याच्या दाहाला इतके भीत, की मेंढीचे धुतलेले कोठे झाडाभोवती बांधत आणि लांबून भाल्याने खोडाला भोक पाडत. चीक त्या पिशवीत गोळा होई. मढच्या म्हातारीची भीती आणि त्या लोकांची भीती एकच आहे.

डायोस्कोरिडीसचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आला. इस्तिफान इब्न बसील याने तो उतरवला आणि हुनैन इब्न इसहाकने तपासला. युफोर्बियमचे 'फरफियून' झाले. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी 'अल-कानून फित्-तिब्ब'च्या दुसऱ्या खंडात, एकेरी औषधांच्या यादीत, फरफियूनला जागा दिली. युनानी तिब्बमध्ये औषधांचे चार दर्जे मानतात. पहिल्या दर्जाचे औषध अन्नाच्या जवळचे, चौथ्याचे विषाच्या. फरफियून चौथ्या दर्जाचे गरम आणि खुश्क. हकीमसाहेबांच्या भाषेत हा जपून वापरण्याचा इशाराच होता.

हा इशारा किती योग्य होता हे कळायला जवळजवळ हजार वर्षे लागली. त्या मोरोक्कन झाडाच्या चिकातून १९७५ मध्ये जर्मन संशोधकांनी रेसिनिफेराटॉक्सिन हे द्रव्य वेगळे केले. मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन शरीरातल्या ज्या ग्राहकाला चिकटते, त्यालाच हेही चिकटते, पण सुमारे हजारपट जोराने. तो ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी शोधला आणि २०२१ चे नोबेल मिळवले. 'गरम' हा हकिमांचा शब्द केवळ उपमा नव्हता. शरीर उष्णता ज्या दारातून ओळखते, त्याच दारावर हा चीक धडका देतो.

मात्र आपल्या शेराच्या आणि जमालगोट्याच्या दाहाचे कारण दुसरे आहे आणि ते जास्त गंभीर आहे.

जमालगोटा आपल्याकडे म्हणीसारखा वापरला जाणारा शब्द. कोणाची फजिती करायची तर त्याला जमालगोटा द्यावा, असे विनोद जुन्या सिनेमा-नाटकांत भरपूर. युनानीत त्याला हब्बुस्सलातीन म्हणतात, बादशहांचे बी. याच्या तेलाचा एक थेंब माणसाला जुलाबांनी आडवा करतो आणि कातडीवर पडला तर फोड उठवतो. म्हणून हकीम आणि वैद्य दोघेही ते कधीच कच्चे वापरत नसत. आयुर्वेदात त्याचे शोधन करतात, युनानीत ते मुदब्बर करतात. दोन्हींची रीत जवळजवळ सारखी. बी फोडून दोन डाळींमधली जीभ काढून टाकायची, मग डाळी फडक्यात बांधून दुधात उकळायच्या आणि ते दूध फेकून द्यायचे. दूधच का? आज उत्तर देता येते. या बीमधली दाहक द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. दुधातली चरबी ती ओढून घेते. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना रेणूची रचना ठाऊक नव्हती, तजुर्बा होता.

या ज्ञानाची देवाणघेवाण आपल्या मुलखात कशी होत होती, याचे एक उदाहरण जुन्नरकरांनी विसरू नये. मलिक अहमदने १४९० मध्ये जुन्नरला स्वातंत्र्य पुकारले आणि निजामशाही सुरू झाली. अहमदनगर शहर नंतरचे, १४९४ चे. त्याचा मुलगा पहिला बुऱ्हाण निजामशाह याच्या दरबारात गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे, गार्सिया द ऑर्टा. तो १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. बुऱ्हाणशाहच्या पदरी असलेल्या अरबी-फारसी हकिमांशी तो वाद घाली, इब्न सीनाचे म्हणणे तपासून पाही आणि स्थानिक वैद्यांनाही विचारी. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा हिंदुस्थानी औषधांवरचा संवादग्रंथ छापला गेला. ऑर्टा मूळ ज्यू घराण्यातला. तो वारल्यानंतर १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडेही कबरीतून उकरून जाळली. शिया सुलतान, ज्यू वैद्य, ग्रीक पुस्तक, अरबी भाषांतर आणि हिंदू वैद्यांचा अनुभव यांतून आपले औषधशास्त्र उभे राहिले. ते एकट्या कोणाचे नाही.

इंग्रजी अमलात जुन्नर तालुका पुन्हा या कथेत येतो. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक होता. त्या उद्यानाची एक शाखा जुन्नर तालुक्यात हिवरे येथे होती. तिथे सोनामुखीसारखी औषधी झाडे लावून सरकारी औषधभांडाराला माल पुरवला जाई. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि १८६१ मध्ये डाल्झेलबरोबर त्याने 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. पुढे १८७९ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधांची सूची प्रसिद्ध केली. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो; ते उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञही होते. जमालगोट्याचे तेल तोवर इंग्रजी औषधकोशातही गेले होते. डॉक्टर ते जुलाबासाठी थेंबाने देत आणि सांधे दुखले की कातडीवर फोड आणण्यासाठी चोळत. दाह हा उपचार समजला जात होता. त्या दाहाच्या मागे आणखी काय दडले आहे, याची कोणाला कल्पना नव्हती.

ती कल्पना उंदरांनी दिली. ऑक्सफर्डमध्ये आयझॅक बेरेनब्लम नावाचे संशोधक होते, जन्माने पोलंडकडचे. डांबरातल्या कॅन्सरकारक द्रव्याची थोडी मात्रा त्यांनी उंदराच्या पाठीवर लावली. एवढ्याने गाठ क्वचितच येई. पण त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुन्हा पुन्हा लावले, की गाठीच गाठी उठत. हे १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४४ मध्ये मॉट्रम यांनी दाखवले की पहिले द्रव्य एकदाच लावले तरी पुरते. १९४७ मध्ये बेरेनब्लम आणि शुबिक यांनी पुढचे सांगितले: पहिल्या लेपानंतर कित्येक आठवडे काहीच केले नाही आणि मग तेल लावायला घेतले, तरी गाठी येतातच. नुसते तेल लावले तर मात्र सहसा येत नाहीत. आधी तेल आणि मग ते द्रव्य, असा उलटा क्रम घेतला तरीही येत नाहीत.

याचा अर्थ, कॅन्सर दोन पावलांनी येतो. पहिले पाऊल म्हणजे पेशीच्या आत झालेली कायमची इजा. ती दिसत नाही, दुखत नाही, वर्षानुवर्षे गप्प असते. दुसरे पाऊल म्हणजे त्या जखमी पेशीला पुन्हा पुन्हा डिवचणे. जमालगोट्याचे तेल इजा करत नाही, ते डिवचते. शास्त्रज्ञ पहिल्याला आरंभक आणि दुसऱ्याला प्रवर्तक म्हणतात. हे वाचताना माझ्या मनात कातडीपलीकडचे विचार आले, हे कबूल करते. गावागावांत जुन्या जखमा गप्प पडलेल्या असतात. त्यांची गाठ होते ती रोज तिथेच कोणीतरी चोळत राहिल्याने. दंगलीनंतरच्या चौकशीत पहिला दगड कोणी मारला हे विचारतात. आधीची दहा वर्षे तेल कोणी लावले, हे विचारत नाहीत.

तेलातले नेमके कोणते द्रव्य हे करते, याचा शोध जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कॅन्सर संशोधन केंद्रात एरिक हेकर यांनी घेतला. न्यूयॉर्कमध्ये व्हॅन ड्युरेन याच मागावर होते. १९६० च्या दशकात उत्तर मिळाले. फॉरबॉल नावाच्या मूळ सांगाड्याला स्निग्धाम्लांच्या शेपट्या जोडलेली ही द्रव्ये, म्हणजे फॉरबॉल एस्टर. त्यांतले सर्वांत जोरकस टीपीए या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. उंदराच्या पाठीवर एका वेळी काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश एवढेच पुरते. हेकर यांच्या गटाने पुढे युफोर्बियाच्या अनेक जातींचे चीक तपासले. शेराच्या चिकातही फॉरबॉल आणि त्याचा चुलतभाऊ इंजिनॉल यांचे एस्टर सापडले. बोट जाळणारे आणि गाठ वाढवणारे द्रव्य एकाच घरचे निघाले.

हे द्रव्य पेशीत जाऊन करते तरी काय? १९८२ मध्ये जपानच्या कोबे विद्यापीठातले यासुतोमी निशिझुका आणि त्यांचे सहकारी यांनी ते दाखवले. पेशीत प्रोटीन कायनेज सी नावाचे एक विकर आहे. वाढीचा, सूज आणण्याचा निरोप ते पुढे पोहोचवते. शरीराला गरज असते तेव्हा एक नैसर्गिक द्रव्य येऊन त्याला जागे करते आणि क्षणात विरून जाते. पाहुण्याने दाराची कडी वाजवावी आणि थांबावे तसे. फॉरबॉल एस्टरचा आकार त्या पाहुण्यासारखा असल्याने विकर फसते. पण हा पाहुणा लवकर विरत नाही. तो कडी वाजवतच राहतो. घरातले सगळे धावपळ करू लागतात: कातडी लाल होते, सुजते, पेशी वाढू लागतात. त्यांत एखादी आधीच बिघडलेली असेल, तर तीही वाढते.

उंदराचे ठीक, माणसाचे काय? इथे सावध बोलायला हवे. १९५८ मध्ये डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने युगांडात मुलांच्या जबड्यात वाढणारा एक कॅन्सर नोंदवला. १९६४ मध्ये त्याच्या गाठीत एपस्टाइन-बार विषाणू सापडला. हा विषाणू जगात बहुतेकांच्या अंगात निपचित असतो. मग आफ्रिकेच्या त्याच पट्ट्यात मुलांना हा रोग का? मुख्य कारण मलेरियाचा सततचा मारा, असे मानले जाते. पण त्या भागात शेराची कुंपणेही घरोघर आहेत, मुले त्याच्याशी खेळतात, चिकाचे घरगुती औषध करतात. १९८० च्या दशकापासून जपानच्या योहेई इतो यांनी आणि नंतर इतरांनी प्रयोगशाळेत दाखवले, की शेराचा चीक या झोपलेल्या विषाणूला जागे करतो. तेवढ्यावरून शेरामुळे कॅन्सर होतो असे म्हणता येत नाही. बांधावरून जाता-येता हाताला कधी चीक लागला म्हणून कोणी घाबरू नये. पण रोज, वर्षानुवर्षे, औषध म्हणून लावण्या-पिण्याची ही वस्तू नाही, एवढे नक्की.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा कोणीतरी शेराच्या चिकाचे थेंब पाण्यातून घ्यायला सांगितले होते. ब्राझीलमध्येही हे झाड कॅन्सरवरचा गावठी इलाज म्हणून चालते. लोक सांगतात, काटा काट्याने निघतो. कधी निघतोही. युफोर्बियाच्याच एका छोट्या जातीतले इंजिनॉलचे द्रव्य उन्हाने बिघडलेल्या कातडीवरच्या चट्ट्यांसाठी औषध म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, मग युरोपातही विकले गेले. नळी लहान, उपचार दोन-तीन दिवसांचा. पण वापरणाऱ्यांवर लक्ष ठेवल्यावर त्या जागी कातडीचे कॅन्सर जास्त दिसू लागले आणि २०२० मध्ये युरोपातून ते काढून घेतले गेले. मोजून-मापून, तपासून दिलेल्या औषधाची ही गत. मग बांधावरच्या फांदीतून टपकणाऱ्या थेंबांचे माप कोणी घेतले आहे? आमच्या नातेवाइकांनी ते थेंब घेतले नाहीत, अल्लाहचे आभार.

आता मोगली एरंडाकडे येते. हे नाव ऐकले की हा मोगलांनी आणला असे वाटते. तसे नाही. हे झाड मध्य अमेरिकेतले आणि ते पोर्तुगीजांनी जहाजातून आणले असे मानतात. परके काही आले की आपल्या भाषेत त्याला मोगली, विलायती असे काहीतरी चिकटते. ज्याने आणले तो सुटतो आणि नाव दुसऱ्यावर येते. दुसरे नाव चंद्रज्योत. तेच झाड, तीच काळी बी, पण कानाला गोड. सरकारी पत्रकांत मोगली एरंड फारसा दिसत नव्हता. चंद्रज्योत, रतनजोत आणि जट्रोफा दिसत होते.

हे पत्रकांचे दिवस आपल्याला आठवत असतील. बियांच्या तेलापासून डिझेल निघते म्हणून सारा देश या झाडाच्या मागे लागला होता. ३१ डिसेंबर २००२ रोजी रेल्वेने दिल्ली-अमृतसर मार्गावर पाच टक्के जैवडिझेल मिसळून गाडी चालवून पाहिली. २००३ मध्ये नियोजन आयोगाने राष्ट्रीय मोहीम सुचवली. पहिल्या टप्प्यात चार लाख हेक्टर लागवड. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भाषणांतून या झाडाचा पुरस्कार केला आणि आमच्यासारख्यांना ते झाड आणखीच आपले वाटले. २००९ च्या जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात डिझेलमध्ये जैवडिझेल एक टक्काही मिसळले गेले नाही. कोरडवाहू जमिनीत बी पुरेसे धरले नाही, तेल महाग पडले. २०१८ च्या नव्या धोरणात लक्ष्य २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आले. डॉ. कलाम यांचे स्वप्न खोटे नव्हते. पडीक जमिनीतून गरिबाला चार पैसे मिळावेत हीच त्यांची इच्छा होती. पण मोठ्या माणसाच्या स्वप्नातही छोट्या माणसांनी प्रश्न विचारायचे असतात.

तो प्रश्न असा होता: या बीमध्ये तेलाशिवाय काय आहे? उत्तर आधीच छापलेले होते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी जट्रोफाच्या तेलातून फॉरबॉल जातीचे एक प्रवर्तक द्रव्य वेगळे केले होते. याच द्रव्यांमुळे तेल काढल्यावर उरलेली पेंड गुरांना चालत नाही. मेक्सिकोत याच झाडाचा एक बिनविषारी वाण आहे. लोक त्याच्या बिया भाजून खातात. त्या वाणात फॉरबॉल एस्टर जवळजवळ नसतात. झाड तेच, पान तेच, फक्त ते एक द्रव्य नाही, आणि विषाचे अन्न होते. आपल्याकडे लावला गेला तो विषारी वाण.

झाडे लागली ती बांधावर, रस्त्याकडेला आणि शाळांच्या कुंपणाला. गुरे खात नाहीत, पाणी लागत नाही, फांदी खोचली की जगते; कुंपणाला आणखी काय हवे? पण मूल गुरासारखे वास घेऊन परत फिरत नाही. बी शेंगदाण्यासारखे लागते. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा, ही बातमी महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येते. जिल्हा बदलतो, बातमी तीच.

एका दुपारच्या सुट्टीनंतर ती आमच्याही शाळेत घडली. मुलगे उलट्या करू लागले, पोट धरून बसले. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्ले?" मुले म्हणाली, "बादाम." आम्ही चार शिक्षक उभे होतो. सगळे पदवीधर, सगळे बी.एड. एकालाही त्या झाडाचे नाव सांगता आले नाही. शेवटी शाळेच्या शिपायाने खिशातून फळ काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मोगली एरंड आहे साहेब." सलाइन लागले, दुसऱ्या दिवशी मुले घरी गेली. बहुतेक ठिकाणी असेच होते आणि म्हणूनच दोन दिवसांत सगळे विसरतात.

मला ते विसरता आले नाही, कारण मला मढची म्हातारी आठवली. तिने एका शब्दात झाड ओळखले होते, धोका सांगितला होता आणि उपायही केला होता. आमच्या मुलांना उर्दूत थूहर हा शब्द येतो, पण थूहर दिसत नाही. मराठीत शेर दिसतो, पण त्याचे नाव येत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात एरंड कुळ येते, पण ते कुंपणापर्यंत येत नाही. एकच झाड तीन भाषांत वाटले गेले आणि मुलाच्या हाती काहीच आले नाही.

त्यानंतर आम्ही कुंपण काढले आणि मुख्य दाराशी एक तक्ता लावला. त्यावर शेर, निवडुंग, मोगली एरंड, जमालगोटा आणि रुई यांची चित्रे आहेत. प्रत्येकाखाली उर्दू, मराठी आणि ठाकर-कोळी लोक जे म्हणतात ते नाव. खाली चार ओळी. चीक हाताला लागला तर साबणाने पुन्हा पुन्हा धुवा, डोळ्याला हात लावू नका. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि लगेच डॉक्टरकडे जा. बी खाल्ले तर घरी उलटी करवत बसू नका, दवाखाना गाठा. आणि ज्या झाडाचे खाल्ले, त्याचे पान-फळ सोबत न्या.

ज्या मुलीने गाडीत प्रश्न विचारला होता, ती तेव्हा दहावीत होती. तक्त्यावरची उर्दू अक्षरे तिनेच लिहिली. शेराच्या चित्राखाली तिने आधी 'थूहर' लिहिले, मग ते खोडले आणि निवडुंगाखाली लिहिले. शेराखाली लिहिले, 'थूहर का भाई'. मी ते तसेच राहू दिले.